चार अक्षरं मागे पडणारा लॅपटॉप

बाईंनी 'क' दाबला. लॅपटॉप गप्प.

त्यांनी 'म' दाबला, मग 'ळ'. तरी गप्प. त्या थांबल्या, मान तिरकी करून कान स्पीकरजवळ नेला. आणि मग दाराशी खोळंबलेली माणसं एकदम आत घुसावीत तशी तिन्ही अक्षरं बाहेर पडली. "क. म. ळ."

"बघा," बाई म्हणाल्या. "मी पुढच्या शब्दावर गेले की हा मागचा सांगतो. चुकलं तर कुठं चुकलं तेच कळत नाही. इथं चार अक्षरं मागे, घरी तर बहुतेक वेळा गप्पच."

त्यांचे मिस्टर शेजारी उभे होते. उन्हानं रापलेला, शांत चेहऱ्याचा माणूस. ते म्हणाले, "भाऊ, दहा दिस झालं. ही रोज शाळेतनं आली की याच्यापुढं बसती. अजून एक पान न्हाई झालं. आमचंच काय चुकतंय का?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. चुकलं होतं माझं. लॅपटॉप मीच विकला होता, आणि विकताना छाती पुढे काढून सांगितलं होतं, की बाई, एवढ्या किमतीत याच्यासारखं मशीन नाही.

मंचरला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. मूळचा मी पिंपळवंडीचा. घरच्यांना वाटत होतं पोरगं टोमॅटो लावील, पोरगं मदरबोर्ड उघडत बसलं. दुकान लहान आहे, पण एका गोष्टीचा मला पहिल्यापासून नाद आहे. स्वस्त मशीन. बाजारात नवीन बजेट लॅपटॉप आला की मी एक पीस मागवतो, मागचे स्क्रू काढतो, आत काय आहे ते बघतो, आठवडाभर स्वतः वापरतो. महाग मशीन चांगलं असणारच, त्यात काय कौतुक? वीस-बावीस हजारांत कोणी नेटकं काम करून ठेवलं असेल तर ते बघायला मला मजा येते. तालुक्यातल्या निम्म्या ग्रामपंचायती, दोन-तीन शाळा, कितीतरी वकील माझ्या सल्ल्यानं घेतलेल्या स्वस्त मशीनवर काम करतात. आणि दुकान सुरू केल्यापासून विकलेलं मशीन "काम करत नाही" म्हणून परत आलं नव्हतं. हा पहिलाच.

लोहकरे बाई प्राथमिक शिक्षिका. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात त्यांची शाळा. पहिली-दुसरीचा वर्ग, एकोणीस वर्षं. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांना संध्याकाळचं दिसेना. मग बाजूचं दिसेना. डोळ्यांच्या आतला पडदा कडेकडेनं निकामी होत जातो असा आजार, घराण्यातून येणारा, औषध नसलेला. त्या सांगायच्या, आधी नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, मग सुईच्या भोकातून, आणि आता फक्त खिडकी कुठं आहे एवढं कळतं.

वर्ग त्यांना अडत नव्हता. पोरं आवाजावरून ओळखायच्या, धडे पाठ होते, फळ्यावर मोठी मुलं लिहायची. अडलं ते कॉम्प्युटरवर. हजेरी, गुण, शंभर प्रकारची माहिती, सगळं आता भरून पाठवायचं असतं. इतकी वर्षं ते सोबतचे गुरुजी भरायचे. त्यांची बदली झाली. नवीन आलेल्यांनी सरळ सांगितलं, माझाच वर्ग मला झेपत नाही.

तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातून पत्र आलं. नोकरीला धक्का नव्हता. नोकरीत असताना अंधत्व आलं तर कायद्यानं माणसाला काढता येत नाही. पण दुसऱ्या जागेवर बसवता येतं. बाईंना ऑफिसात एक टेबल द्यायचं ठरत होतं. काम काय, तर विशेष काही नाही. त्याआधी एकदा साहेब शाळेत येऊन बघणार होते, की या स्वतःचं काम स्वतः करू शकतात का. लॅपटॉप परत आला त्या दिवशी त्या तारखेला सतरा दिवस उरले होते.

"ऑफिसात मी काय करणार?" बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या. "घंटा वाजेपर्यंत खुर्चीवर बसायचं. माणसं येणार, बिचाऱ्या म्हणणार. मला वर्ग पाहिजे."

त्यांनी पुण्यात सुट्ट्यांमध्ये दोन महिने प्रशिक्षण घेतलं होतं. स्क्रीन रीडर शिकल्या होत्या. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. माउस नाही, सगळं कीबोर्डवरून. यातला सगळ्यात चांगला प्रोग्राम फुकट मिळतो, आणि तो बनवणाऱ्यांत स्वतः अंध असलेली माणसं आहेत. मला हे ठाऊक होतं, वापरलेलं मात्र कधी नव्हतं. मी तो माझ्या दुकानातल्या मशीनवर टाकला, इंटरनेटवरून येणारा एक सुरेख मराठी आवाज जोडला. बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा आवाज. ऐकून लोहकरे बाई खूश, मिस्टर खूश, मी सर्वांत खूश. आणि मग मी त्यांना एक नवीन बजेट लॅपटॉप दिला.

डेमो माझ्या मशीनवर, विक्री दुसऱ्याची. बावीस वर्षांचा माणूस असली चूक करतो.

आता घोटाळा काय होता ते सोप्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारची जागा असते. एक साठवणीची, म्हणजे तुमची भाताची कणगी. दुसरी कामाची, म्हणजे खळं. कणगी कितीही मोठी असू दे, खळं लहान असेल तर एका वेळी थोड्याच पेंढ्या झोडता येतात. बाकीच्या बाहेर ताटकळतात. या खळ्याला रॅम म्हणतात. बाईंच्या लॅपटॉपचं खळं लहान होतं. त्यात कंपनीनं आधीच दहा-बारा प्रोग्राम आणून बसवले होते. महिनाभर फुकट, नंतर पैसे मागणारे. त्यांच्या गर्दीत स्क्रीन रीडर एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. वर आमचा तो सुरेख आवाज प्रत्येक अक्षरासाठी इंटरनेटवर जाऊन परत येत होता. दुकानात वायफाय होतं तर चार अक्षरं मागे. त्यांच्या गावात रेंज नाही, तिथं तर तो बहुतेक गप्पच राहत होता.

डोळस माणसाला हा उशीर चालतो. पडद्यावर अक्षर उमटायला अर्धा सेकंद लागला तर आपण वैतागतो, पण अक्षर उमटणार हे दिसत असतं. बाईंना फक्त आवाज. आवाज मागे राहिला तर त्यांच्यापुढे काहीच नाही.

"रॅम वाढवून देतो," मी म्हणालो. "दहा मिनिटं बसा. चहा घ्या."

स्क्रू काढले, मागचं झाकण उचललं. रॅमची चिप बोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली. जादा रॅम बसवायला खाचच नव्हती. मॉडेल नवं होतं. याचाच आधीचा भाऊ मी आठवडाभर वापरला होता, त्यात खाच होती. म्हणून हा मी उघडलाच नव्हता.

मी झाकण लावलं. बाईंना झाकणाचा आवाज कळला.

"होत नाही ना?"

"या मशीनमध्ये नाही होत. मी परत घेतो. याच्या वरचं मॉडेल देतो."

"वरचं केवढ्याला?" मिस्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी बायकोकडे बघितलं, आणि बाई न बघता म्हणाल्या, "नको. परत करायचं असेल तर परत करू. दुसरं नको."

मी थोडा हट्टी माणूस आहे. म्हणालो, "चार दिवस लॅपटॉप माझ्याकडे ठेवा. यावरच काम करून दाखवतो."

"आणि न्हाई झालं तर?"

"तर वरचं मॉडेल याच किमतीत. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर अर्धं खाली ओढलं, बाईंचा लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि पडदा बंद केला. डोळे मिटून घेतले, चोरून बघायला नको म्हणून रुमाल बांधला. ठरवलं, एक फाइल उघडायची आणि त्यात माझं नाव, गाव, पत्ता लिहायचा. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. आयुष्यभर कीबोर्ड विकले, तो उंचवटा कशासाठी असतो हे त्या दिवशी बोटांना समजलं.

मला वीस मिनिटं लागली. लिहिलं काय तर "पिंपळवंड". मधेच कुठल्या तरी खिडकीत शिरलो, ती परवानगी मागत होती, कशाची ते आवाज सांगेपर्यंत मी एंटर दाबला होता. रुमाल सोडला तेव्हा घाम आला होता. बायकोनं फोन केला, "जेवायला येताय का?" मी म्हणालो, "अजून रस्ता सापडत नाहीये." तिला वाटलं मी कुठं तरी बाहेर आहे.

पण त्या वीस मिनिटांत मला कळलं, की आतापर्यंत मी या मशीनची कागदावरची माहितीच वाचत होतो.

यानंतर मी आणखी एक चूक केली, तीही सांगायला हवी. माझा दुसरा नाद म्हणजे लिनक्स. विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी आणि हलकी सिस्टिम. जुन्या मशीनमध्ये टाकली तर ते पुन्हा पळायला लागतं. मी दोन दिवस बसून बाईंच्या लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकली. त्यातला स्क्रीन रीडर लावला. मशीन पाखरासारखं हलकं झालं. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मिस्टरांबरोबर एसटीनं आल्या, मी अभिमानानं लॅपटॉप पुढे सरकवला.

त्यांनी एक कळ दाबली. मग दुसरी. मग पहिली पुन्हा. चेहरा हळूहळू बदलत गेला.

"भाऊ, हे कुठलं घर आहे?"

"नवीन सिस्टिम आहे. फार हलकी. आवाज बघा, लगेच येतोय."

"येतोय. पण मी दोन महिने पुण्याला जाऊन ज्या कळा शिकले त्या इथं नाहीत."

"बऱ्याच सारख्या आहेत. थोड्या वेगळ्या. हे जास्त चांगलं आहे, बाई."

"तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. रागानं नाही. पोराची वही तपासताना शिक्षक म्हणतात तसं. "माझ्याकडे तेरा दिवस आहेत."

मी त्यांच्यासमोरच लिनक्स काढून विंडोज परत टाकायला घेतली. या वेळी कंपनीचे ते फुकटे प्रोग्राम आलेच नाहीत, कारण मी कोरी सिस्टिम टाकली. चालू होताना आपोआप उठणारं जे जे होतं ते बंद केलं. खिडक्या उघडताना सरकतात, झुलतात, ती सगळी सजावट काढली. बाईंना ती दिसणार नव्हती आणि खळ्यात जागा अडवत होती. खळ्याची निम्मी जागा मोकळी झाली.

राहिला आवाज. स्क्रीन रीडरसोबत एक साधा मराठी आवाज येतो. इंटरनेट लागत नाही, खळ्यात कोपऱ्याएवढी जागा घेतो. पण ऐकायला अगदी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. मी तो पहिल्या दिवशीच ऐकून बाजूला टाकला होता. शिक्षिकेला असला आवाज कसा द्यायचा, असं वाटलं होतं.

"एक आवाज आहे," मी म्हणालो, "पण बरा नाही."

"लावा तर."

लावला. बाईंनी 'क' दाबला. कळ खाली जायच्या आत "क" ऐकू आलं. 'म'. "म". 'ळ'. "ळ". बोट आणि आवाज एकत्र.

बाई हसल्या. त्या दिवसापर्यंत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी आवाजाची गती वाढवली. अजून वाढवली. इतकी की मला एकही शब्द कळेना.

मिस्टर म्हणाले, "काय वं हे? टिटवी वरडल्यागत वाटतंय."

"तुम्हाला वाटतंय," बाई म्हणाल्या. "मला सगळं कळतंय. भाऊ, मला गोष्ट सांगणारी बाई नको होती. मला पटकन उत्तर देणारं कोणी तरी पाहिजे होतं."

बाईंनी कॉलेजात असताना जुन्या टाइपरायटरवर मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. मी कीबोर्डची मांडणी टाइपरायटरसारखी करून दिली. बोटांना सगळं पाठ होतं. अर्ध्या तासात त्यांनी एक पान टाइप केलं, दोन चुका, दोन्ही स्वतः पकडून दुरुस्त केल्या.

मला वाटलं, संपलं. मी लॅपटॉप बॅगेत भरत होतो, तेवढ्यात त्यांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

"यात माझी एक यादी आहे. दिसत होतं तेव्हा केलेली. पाच वर्षं झाली, वाचता आली नाही. तेवढी ऐकवता का?"

मी फाइल उघडली. पडद्यावर स्वच्छ मराठी. दोन रकाने. डावीकडे 'वाकळ', उजवीकडे 'गोधडी'. डावीकडे 'आवणी', उजवीकडे 'भाताची लावणी'. पहिलीत येणारं डोंगरातलं पोर घरी जो शब्द बोलतं तो एका बाजूला, पुस्तकात जो असतो तो दुसऱ्या बाजूला. सहाशेच्या वर शब्द. चौदा वर्षं जमवलेले. पोराला पहिल्या दिवशी "तुझा शब्द चूक" असं न म्हणता "तुझा हा, पुस्तकाचा हा" असं सांगायचं, म्हणजे ते दुसऱ्या दिवशी शाळेत येतं. नवीन शिक्षकांसाठी त्यांना ही यादी छापून ठेवायची होती.

मी कळ दाबली. लॅपटॉप बोलला, "ओ के जी डब्ल्यू, कंस, सेमीकोलन, झेड."

बाई ऐकत राहिल्या. "पुन्हा लावा."

पुन्हा तेच. इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं.

"फाइल खराब झाली का?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

फाइल ठीक होती. खोट फॉन्टमध्ये होती. पूर्वी मराठी टाइप करायला जे फॉन्ट होते, ते एक प्रकारचे मुखवटे होते. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची, फॉन्ट त्यांना मराठी तोंड लावायचा. डोळ्यांना मराठी दिसायचं. स्क्रीन रीडरला तोंड दिसत नाही, तो पोटातलं वाचतो. हल्ली युनिकोड असतं, त्यात पोटातही मराठीच असते. महाराष्ट्रात किती तरी कपाटं, किती तरी ऑफिसं या जुन्या फॉन्टच्या फायलींनी भरलेली आहेत, आणि अंध माणसासाठी ती सगळी कुलूपबंद आहेत. मी स्वतः शेकडो मशीनमध्ये ते फॉन्ट टाकून दिलेत.

"बदलता येईल," मी म्हणालो. "फुकटचे प्रोग्राम आहेत. थोडी दुरुस्ती लागेल. रविवारी मी तुमच्याकडे येतो."

"अहो, एवढ्या लांब?"

"तुमच्या घरी रेंज नसताना हे चालतं का, तेही बघायचंय."

रविवारी गेलो. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता वर चढतो, तिसऱ्या वळणावर फोनची रेंज जाते. बाईंचं घर रस्त्याच्या वरच्या बाजूला, पुढे पडवी. मिस्टरांनी खाचरातून येऊन पाय धुतले आणि आमच्याजवळ बसले.

प्रोग्रामनं फाइल बदलली होती, पण चुका होत्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी मारायची असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. प्रोग्राम तिथं गोंधळला होता. 'किडा' चं 'ककडा' झालं होतं. रफार भलत्या डोक्यावर बसले होते. मी एका जातीची चूक शोधून सगळीकडे एकदम बदलायचो, बाई ऐकून पुढची सांगायच्या. मला पडद्यावर डोळे ताणूनही जे सापडत नव्हतं ते त्यांना ऐकताक्षणी टोचायचं.

"थांबा. 'डालंग' म्हणाला."

"डालगं, डालगं," मिस्टर म्हणाले. "कोंबड्या झाकायचं."

"मागे घ्या. दुरुस्त करा."

दुपार कलली तेव्हा यादी शेवटपर्यंत नीट बोलू लागली. बाईंनी गती कमी केली, अगदी सावकाश. तो पत्र्याच्या डब्यासारखा आवाज म्हणत होता, "इरलं. पावसात डोक्यावर घ्यायचं पानांचं आच्छादन. खाचर. भाताचं शेत." बाई एकेक शब्द ओठांनी म्हणत होत्या. मधेच त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, "हा शब्द मला चांगुणानं दिला. पहिलीत होती. आता तिला मुलगा झाला." मिस्टर उठले आणि बघायला काही नसताना खाचराकडे बघत उभे राहिले. मीही लॅपटॉपचा चार्जर गुंडाळत बसलो, दोनदा.

साहेब आले त्या दिवशी मी शाळेत होतो. मशीनमध्ये काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून बाईंनीच बोलावलं होतं. "पण तुम्ही बाहेर बसायचं," असं बजावलं होतं. मी व्हरांड्यात खिडकीशी बसलो.

साहेब वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. त्या दिवशी त्याला आणखी दोन शाळा होत्या. बाई एका कानात इअरफोन घालून बसल्या होत्या, दुसरा कान वर्गाकडे. हजेरी घेत होत्या. पोर "हजर" म्हणालं की कळ दाबायच्या.

साहेबांनी वाकून बघितलं. "बाई, हा बंद आहे."

"काय?"

"लॅपटॉप. बंद आहे. काळा दिसतोय."

"पडदा बंद आहे, साहेब. मला लागत नाही. बॅटरी वाचते."

वर्गात कोणी तरी खुदकन हसलं. बाईंनी पडदा चालू केला. एक्सेलमध्ये हजेरी भरलेली होती, सगळ्या नावांपुढे. साहेबांनी इअरफोन मागून कानाला लावला आणि लगेच काढला. "हे काय बोलतंय? कळत नाही काही."

"मला कळतं," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी हळू करू?"

साहेबांनी मग चाचणी परीक्षेचे गुण भरून दाखवायला सांगितले. भरले. एक परिच्छेद सांगितला, तो टाइप करायला लावला. केला. साहेबांचा शब्द संपतो न संपतो तोच बाईंची बोटं थांबलेली असायची. मग त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "हे आमचं मागच्या आठवड्याचं परिपत्रक. वाचा आणि त्याप्रमाणे माहिती भरा. रोजचं काम असंच असतं."

बाईंनी फाइल उघडली. कळ दाबली. पुन्हा दाबली. त्यांचा हात कीबोर्डवर स्थिर झाला.

मला बाहेरूनच कळलं. कागदावर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून फाइल केली होती. चित्र. त्यात स्क्रीन रीडरला वाचायला एकही अक्षर नव्हतं. चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर असतं, फुकटही असतं, आणि मी ते टाकलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. मी उठून दारापर्यंत गेलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे पत्र नाही. पत्राचा फोटो आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वाचू शकत नाही. तुम्ही ऑफिसात जे टाइप केलंत, ती मूळ फाइल पाठवलीत तर मी तुमच्या आधी वाचून काढीन. आता एकदा वाचून दाखवा. दुसऱ्यांदा लागणार नाही."

साहेबांनी बाईंकडे, मग दारातल्या माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी परिपत्रक वाचून दाखवलं, तीन मुद्दे होते. बाईंनी ते ऐकता ऐकता टाइप केले, त्याखाली आपल्या वर्गाची माहिती भरली, पेन ड्राइव्हवर घालून तो परत दिला. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

जाताना साहेब गाडीपाशी मला म्हणाले, "हे मशीन किती रॅमचं आहे हो? माझ्या टेबलावरचं उघडायलाच पाच मिनिटं घेतं."

महिन्याभरानं पत्र आलं. बाईंना वर्गातच ठेवलं, वर्षानं पुन्हा पाहणी होईल अशा अटीवर. ऑफिसातून त्यांना परिपत्रकाची टाइप केलेली फाइल पाठवावी, असंही त्यात लिहिलं होतं. ते पत्रसुद्धा फोटो काढूनच पाठवलेलं होतं. तोपर्यंत मी चित्र वाचणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, म्हणून बाईंनी ते स्वतः वाचलं. टाइप केलेल्या फायली हल्ली निम्म्या वेळा येतात. निम्म्या वेळा बाई रेंजमध्ये आल्या की फोन करून मागून घेतात. यादीच्या तीस प्रती आम्ही दुकानातल्या प्रिंटरवर काढल्या. बाईंच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या, शाळांत त्या गेल्यात.

दुकानात मी दोन गोष्टी बदलल्या. गिऱ्हाइकाला जे मशीन द्यायचं त्याच मशीनवर त्याला बसवतो, आणि त्याचं नेहमीचं काम त्याच्याकडूनच करून घेतो. मी हात मागे बांधून उभा राहतो. हे बोलायला सोपं आहे, करताना फार जड जातं. लोक विचारतात, स्वस्तातलं घेऊ का? मी सांगतो, बिनधास्त घ्या. मशीन स्वस्त असलं म्हणून माणसाचं नुकसान होताना मी फारसं पाहिलं नाही. ते बहुतेक वेळा दुकानदार हुशार असल्यामुळे होतं.